विसार देण्याआधी हे वाच

कोल्हापूर

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

भाड्याने द्यायला तू जो फ्लॅट घ्यायचा म्हणतोस, त्याचे दलालाने पाठवलेले फोटो पाहिले. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून बाबांना घेऊन नागाळा पार्कातला तो फ्लॅट बघून आले. हवेशीर आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, ५० लाख ही किंमतही अव्वाच्या सव्वा नाही. पण खालच्या पार्किंगमध्ये भिंतीला फक्त छातीपर्यंत नवा गिलावा आहे आणि विजेच्या मीटरची पेटी जिन्याच्या वळणावर उंच नेऊन बसवली आहे. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "एकोणीसलाबी पाणी आलतं, एकवीसलाबी."

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही नदीची धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढणार नाही, हे मलाही कळतं. पण वीज तोडावी लागते, उपसा केंद्रं बुडाली की नळाला पाणी नाही, पुण्याचा रस्ता शिरोलीजवळ बंद. भाडेकरू बोचकं उचलून जातो आणि तुझा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातोच. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही इमारत पूररेषेच्या नकाशात निळ्या रेषेत (वारंवार पूर येणारा भाग) येते की लाल (मोठ्या पुरात बुडणारा भाग), ते आधी बघायचं. दलाल जीव तोडून सांगेल की आता पाणी येत नाही. तू नकाशा बघ.

आता पैशाचं. तू म्हणतोस, माझ्याकडे १० लाख आहेत, बाकीचं बँक देईल. बँक ८० टक्के देते, म्हणजे ४० लाख, पण ते घराच्या किमतीवर. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३ लाख, आणि नोंदणीचे ३० हजार तुझ्याच खिशातून जाणार. सूनबाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, तिचं मत विचार. जुना फ्लॅट असल्याने जीएसटी नाही, तेवढं बरं. पण दलाली, रंग, प्लंबिंग, सोसायटीचं हस्तांतरण धरलं, तर १४ लाखांच्या खाली भागत नाही.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या घरात बसतो. दलाल भाडं सांगतोय तेरा हजार. म्हणजे दर महिन्याला बावीस हजारांच्या आसपास पगारातून घालायचे, शिवाय घरफाळा आणि मेंटेनन्स. दर वाढला की आणखी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे कर्जाचं व्याज हलतं, तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. दोन टक्के वाढले, तर हाच हप्ता चाळीस हजारांना टेकतो.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात झाली. ज्यांची खाती थकायची ती माणसं उधळी नव्हती रे. निर्व्यसनी, कष्टाळू, घर घेताना शेवटचा रुपया ओतलेली. मग घरात आजारपण निघालं किंवा भाडेकरू गेला, की थांबायला बळ नसायचं. चार महिने कळ काढता आली असती तर चांगला भाव आला असता, अशी घरं मिळेल त्या किमतीला गेलेली मी पाहिलीत. त्या बायका काउंटरसमोर पाटल्या काढून ठेवायच्या, ते मला अजून बघवत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: खरेदीचा सगळा खर्च भागवून वर एका वर्षाचे हप्ते, म्हणजे सव्वाचार लाख, वेगळ्या ठेवीत पडून असले पाहिजेत. ते जमेपर्यंत विसार द्यायचा नाही, दहा हजारांचं टोकनसुद्धा नाही.

पाचगावकडचा तो गुंठ्याचा प्लॉट मात्र सोडूनच दे. सातबारावर सामाईक नावं, इतर हक्कात शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बिगरशेतीचा पत्ता नाही. मित्र भागीदार आहेत म्हणून कागद बदलत नाहीत.

शनिवारी ये. मालकाकडे भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या खरेदीपत्रांच्या प्रती आणि सोसायटीचा ना हरकत दाखला मागून ठेवला आहे. मालकी तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडूनच काढून घेऊ, दलालाच्या नको. येताना दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि गाडीच्या कर्जाचा उतारा आण, म्हणजे आकडे समोरासमोर बसून मांडता येतील. आणि सूनबाईला सोबत घेऊन ये, हप्ता तिच्याही पगारातून जाणार आहे.

तुझी आई