माझं कमळ कुठाय?

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत गोधडीची कृती छापलीत, बरं वाटलं. पण ‘कोणतंही जुनं कापड घ्या आणि चार-चार इंचांचे चौकोन कापा’ हे वाचलं आणि पत्र लिहायलाच बसले.

बारीक बुट्टीला, चौकडीला चार इंच चालतात. मोठ्या छापाच्या कापडाचा त्यात जीव जातो. हा गुन्हा मी स्वतः केलाय. सासूबाईंचं एक छापील सुती पातळ होतं, निळ्यावर वीतभर मोठाली कमळं. ते विरल्यावर मी हौसेनं त्याचे चार इंची तुकडे केले आणि भिंगरीच्या नक्षीत बसवले. दोन महिने शिवत होते. अंथरली तेव्हा सासूबाईंनी गोधडीवरून हात फिरवला आणि विचारलं, “यात माझं कमळ कुठाय गं?” कुठे पाकळीचं टोक, कुठे देठ, बाकी नुसते गुलाबी डाग.

तेव्हापासून आधी फूल मोजते, मग नक्षी ठरवते. यंदा लेकीच्या घरचे जुने सुती पडदे आले, त्यांवर अकरा इंची जास्वंद. म्हणून चौकोन बारा इंची धरला. दोन्हीकडून शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच माया सोडून कापताना तेरा. आडवे चार, उभे पाच, मध्ये दोन इंची पट्ट्या आणि भोवती तीन इंची काठ. गोधडी साठ बाय चौऱ्याहत्तर इंच झाली. पट्ट्या साध्या, पानातल्याच गर्द हिरव्या. तिथे दुसरा छाप घेतला असता तर जास्वंदीकडे कुणी बघितलं नसतं. चौकोनाऐवजी शंकरपाळीच्या आकाराचा तुकडाही मोठा असेल तर शोभतो, पण तिरपं कापलेलं कापड शिवताना ताणतं. नवख्या बाईनं त्या वाटेला जाऊ नये.

फूल मधोमध आणायचं तर कापड वाया जातं, असं शेजारीण म्हणाली. गोधडीला पोट असतं की! सगळं कातरण आतल्या थरात गेलं. अठराव्या शतकात आंध्रातल्या मच्छलीपट्टणची छीट, म्हणजे फुलांचं छापील सुती कापड, युरोपात महाग पडे, तर तिकडच्या बायका त्यातली फुलं अख्खी कापून साध्या कापडावर टाचत. महाग कापडाचे त्यांनीही चौकोन पाडले नाहीत.

धावदोऱ्याला दोरा कापडाच्या जमिनीच्या रंगाचा घ्यावा. लाल फुलावर पांढऱ्या टाक्यांच्या ओळी आल्या की फूल जाळीमागे गेल्यासारखं दिसतं. आणि सगळ्या फुलांचे शेंडे उशीकडे. माझं एक उलटं लागलंय, ते रोज डोळ्यांत खुपतं.

पुढच्या वेळी कृती छापाल तेव्हा ‘मोठ्या छापाला मोठा तुकडा’ एवढी एक ओळ घाला. जागा असेल तर हेही सांगा: कागदाला बारा इंची खिडकी पाडून ती कापडावर सरकवत न्यावी, म्हणजे तुकड्यात काय येणार ते कात्री लावण्याआधीच दिसतं. मी त्यासाठी तुमचीच पुरवणी कापली. शब्दकोडं गेलं त्यात.

आपली,
एक वाचक, वाई