आकडा छापलात, आरपीएम राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ट्रकच्या सुपरचार्जरवरचा, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत जादा हवा कोंबणाऱ्या पंपावरचा, लेख माझ्या पुतण्याने कोल्हापुरातून व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली एकच ओळ : ‘काका, खरं काय हे?’ त्याला तीन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि रात्रीचे बारा वाजले. म्हटलं, एवढं लिहितोच आहे तर संपादकांनाच लिहावं.

लेख मेहनतीने लिहिलेला आहे, चित्रंही छान आहेत. भांडण आहे ते तक्त्याशी. सेंट्रिफ्यूगल, स्क्रू आणि रूट्स अशा तीन जातींपुढे प्रत्येकी एकेक आकडा, जास्तीत जास्त अश्वशक्तीचा, आणि त्यावरून सेंट्रिफ्यूगल पहिला, रूट्स शेवटचा असा निकाल. हलक्या गाडीसाठी चालून जाईल. पण मथळ्यात ‘अवजड ट्रक’ असं लिहिलंय, आणि असाच एक तक्ता वाचून मी स्वतःचे सव्वातीन हजार डॉलर घालवलेले आहेत.

मी डेन्व्हरजवळ राहतो. पाइपलाइन आणि स्प्रिंकलर बसवायचा छोटा धंदा आहे. गाडी २००४ची शेवरोले सिल्व्हेराडो २५०० एचडी, सहा लिटरचं पेट्रोल व्ही-८, बिडाचा ब्लॉक. कंपनीचा आकडा ३०० अश्वशक्ती. रिकामी गाडीच सहा हजार पौंडांच्या आसपास, मागे ट्रेलरवर छोटं खोदाई यंत्र आणि पाइप, म्हणजे सगळं मिळून सहा टन. निम्मी कामं डोंगरापलीकडे, सिल्व्हरथॉर्न आणि फ्रिस्को भागात. मध्ये आयझेनहॉवर बोगदा. पश्चिमेचं तोंड समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मैलोन्‌मैल सहा-सात टक्क्यांचा चढ.

तिथे इंजिनाचं काय होतं ते सांगतो. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड, डेन्व्हरला १२च्या थोडा वर, बोगद्याशी दहाच्याही खाली. एक तृतीयांश हवा गायब. साध्या इंजिनाची तीनशे अश्वशक्ती तिथे दोनशेवर येते आणि मागे सहा टन तसेच. माझे वडील टाटा-मर्सिडीजवर गुळाचे रवे भरून गगनबावड्याच्या घाटातून कोकणात जायचे. येताना भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लिनर चाकामागे लाकूड घेऊन चालत. मी त्यांना म्हणायचो, अमेरिकेत असं नसतं. पहिल्याच उन्हाळ्यात उजव्या लेनमध्ये धोक्याचे दिवे लावून तीस मैलांनी चढताना ते बोलणं आठवलं.

म्हणून सुपरचार्जर. २०११ साली एका गॅरेजवाल्याने (नाव कशाला?) जुना पण चालू सेंट्रिफ्यूगल बसवून दिला. डायनोवर (चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) गाडी उभी केली, इंजिन ५,६०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) पळवलं, आठ पौंड बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब), कागदावर झकास आकडा. मी तो कागद फ्रेम करायचाच बाकी होतो. पुढच्या मंगळवारी ट्रेलर जोडून बोगद्याकडे निघालो. गाडी होती तशीच. आवाज तेवढा नवा.

कारण साधं आहे. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर हा आपल्या विहिरीवरच्या पंपाचा सख्खा भाऊ. आत फिरणारा पंखा हवा बाहेर फेकतो. डिझेल इंजिनावरचा पंप ज्याने चालवलाय त्याला माहीत आहे, रेस जरा उतरली की पाणी वरच्या पाटात चढायचं थांबतं. वेग निम्मा झाला की दाब निम्मा होत नाही, पाव होतो. ट्रेलर लावून ४५ मैलांनी चढताना माझी गाडी सेकंड गिअरला तीन हजार आरपीएमच्या आसपास असते. ५,६०० ला मिळणारे आठ पौंड तिथे जेमतेम सव्वादोन होतात, तेही समुद्रसपाटीच्या हिशोबाने. वर विरळ हवेत दीड. दीड पौंडात काय होणार! ५,६०० पर्यंत रेस वाढवायची तर पहिला गिअर टाकायचा आणि इंजिन किंचाळत ठेवायचं. तसं दहा मिनिटं कोण चालवतं?

रूट्स म्हणजे रहाटगाडगं. हळू फिरवा की जोरात, एका फेरीत गाडगी तेवढीच भरून येणार. पात्यांचे दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि खिशात सापडलेली हवा पलीकडे नेऊन टाकतात. इंजिनही एका फेरीत ठरलेलीच हवा मागतं, आणि पुलीचं प्रमाण कायम असतं. त्यामुळे दोन हजार आरपीएमला पूर्ण ॲक्सिलेटर दिला तरी बूस्ट जवळजवळ पूर्ण हजर. ओढ म्हणतात ती हीच. फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंनी इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावी १८६० साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्याही आधी. खाणींत आणि भट्ट्यांना हवा द्यायला तो वापरला जाई.

लेखात ‘ट्रकवर सुपरचार्जर ही नवी कल्पना’ असंही वाक्य आहे. इथल्या ड्रायव्हरांनी ते वाचलं असतं तर हसले असते. जनरल मोटर्सचं ७१ मालिकेचं दोन-स्ट्रोक डिझेल १९३८ पासून आलं. त्यात रूट्स ब्लोअर हा हौसेचा भाग नव्हता. दोन-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायला आणि ताजी हवा आत भरायला वेगळा स्ट्रोकच नसतो, ब्लोअर काढला तर इंजिन चालूच होत नाही. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. भंगारात निघालेले तेच ब्लोअर शर्यतीवाल्या पोरांनी आपल्या पेट्रोल इंजिनांवर चढवले. म्हणजे हे ब्लोअर तरी ट्रकवरून गाडीवर गेले. लेखात नेमकं उलटं आलंय.

आता रूट्सचा दोष. जुना रूट्स हवा दाबत नाही, फक्त वाहून नेतो. पलीकडे आधीच दाबलेली हवा असते, ती उलटी खिशात घुसते आणि त्या झटापटीत हवा तापते. तापलेली हवा विरळ, शिवाय पेट्रोल इंजिनाला ती टकटक लावते, म्हणजे पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटतं. बूस्ट जितका जास्त तितकं हे वाईट. स्क्रू इथे सरस. त्याचे दोन मळसूत्री रोटर हवेला चरकातल्या उसासारखे आतल्या आतच दाबत नेतात, त्यामुळे दहा-बारा पौंडांवर तो रूट्सपेक्षा थंड चालतो. ही रचना स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी १९३०च्या दशकात कामाची करून दाखवली. पण सपाटीवर, बूस्ट नको असतानाही आतलं दाबणं थोडंफार चालू राहतं, आणि किंमत बघून माझा हात मागे आला. मधली वाट म्हणजे ईटन कंपनीचे टीव्हीएस रोटर : घराणं रूट्सचंच, पण प्रत्येक रोटरला तीनाऐवजी चार पाती आणि १६० अंशांचा पीळ. मी तो घेतला, सहा पौंड बूस्ट देणाऱ्या पुलीसह. सहाच का, असं पुतण्याने विचारलंच. माझं इंजिन मूळचं आहे, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कंपनीचेच. कागदावरच्या आकड्यासाठी इंजिन बांधायची माझी तयारी नाही.

हिशोब मांडून बघा. सहा पौंड म्हणजे १४.७ चे २०.७, साधारण १.४ पट. हा सुपरचार्जर पौंड देत नाही, पट देतो. बोगद्याशी ९.७ चे १.४ पट म्हणजे साडेतेरा-चौदा. घड्याळात बूस्ट चारच पौंड दिसतो, पण इंजिनाला हवा जवळपास समुद्रकाठची मिळते. गरम होण्यात आणि पट्टा फिरवण्यात काही जातं, ते धरूनही तोच चढ मी आता ५० मैलांनी चढतो, उजव्या लेनमध्येच.

कारखान्यांनी पिकअपसाठी काय निवडलं तेही तक्त्याशेजारी छापायला हवं होतं. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग १९९९ ते २००४ : ५.४ लिटर, ईटनचा रूट्स. २०२१ ची रॅम टीआरएक्स : ६.२ लिटर, स्क्रू, ७०२ अश्वशक्ती. पाच-सहा हजार पौंडांची गाडी उभ्या जागेवरून उठवायची तर त्यांनीही खालच्या आरपीएमचाच विचार केला.

सेंट्रिफ्यूगलवर माझा राग नाही. त्याची हवा बरीच थंड येते, बसवायला सोपा, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) पुढे टांगता येतो, आणि खाली ओढ कमी असल्यामुळे गिअरबॉक्सवर हिसका बसत नाही. माझा तो जुना सुपरचार्जर एका पोराने त्याच्या हलक्या मस्टँग गाडीसाठी नेला, तो खूश आहे.

लेखात अजिबात नसलेली गोष्ट म्हणजे वेळ. हलकी गाडी सहा सेकंद बूस्टवर असते, मग सिग्नल. डायनोवरची चाचणीही काही सेकंदांचीच. भरलेला ट्रक चढावर दहा-दहा मिनिटं सलग बूस्टवर असतो. व्ही-८च्या बेचक्यात बसणाऱ्या रूट्सचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि ते पाणी हळूहळू तापत जातं. पहिल्या वर्षी पायथ्याशी आत जाणारी हवा ४५ अंश असायची, अर्ध्या चढात ७८. इंजिन वाचवायला गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडायचा आणि विकत घेतलेली निम्मी ताकद तिथेच मरायची. मला एकाने पाण्याची मोठी टाकी विकली. टाकीने काय होतं, तर तेच तापमान चार मिनिटं उशिरा येतं. शेवटी पुढचा रेडिएटर मोठा घेतला आणि पंप बदलला, तेव्हा आकडा साठच्या आत थांबला. अवजड गाडीसाठी कुणी सुपरचार्जर दाखवायला आलं तर आधी त्याचा इंटरकूलर बघावा, पुली नंतर.

पेट्रोलचंही तसंच. कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं (आकडा जितका मोठा तितकी टकटक कमी). विरळ हवेत साध्या इंजिनाला ते चालून जातं म्हणून. पण सुपरचार्जरने हवा पुन्हा दाट केली की ती सवलत संपली. एकदा घाईत फ्रिस्कोला ८५ भरलं आणि चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. सेन्सरने वेळेवर ताकद कापली म्हणून पिस्टन वाचले. तेव्हापासून ९१च. (इथला ९१ आणि तुमच्याकडचा ९१ एक नव्हे. मोजायची पद्धत वेगळी, इथला ८७ म्हणजे साधारण तिकडचा ९१. लेखात दोन्ही एकाच ओळीत आलेत.)

आणि सुपरचार्जर चढवतो, उतरवत नाही. बोगद्याच्या पश्चिमेच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढ बांधून ठेवलेत, ते बघितले की डोकं ठिकाणावर येतं. गाडीची वजन ओढायची मंजूर मर्यादा सुपरचार्जरने एका पौंडानेही वाढत नाही.

टर्बो (तसाच पंप, पण पट्ट्याऐवजी एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारा) का नाही घेतला, असं कुणी विचारेलच. डोंगरात टर्बोच राजा, यात वाद नाही. जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनिअर सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली लिबर्टी विमान-इंजिन चक्क ट्रकवर चढवून इथल्याच पाइक्स पीकच्या माथ्यावर, चौदा हजार फुटांवर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं आणि टर्बो लावल्यावर ३५६ देऊ लागलं. तेव्हा त्याला टर्बो-सुपरचार्जरच म्हणत. माझ्या जुन्या गाडीत टर्बो घालायचा म्हणजे एक्झॉस्टची सगळी नळकांडी नव्याने वाकवायची, म्हणून मी पट्ट्यावर भागवलं. नवी गाडी घेणाऱ्याने कारखान्याचा टर्बो घ्यावा, धंदा मोठा असेल तर डिझेल.

राहिला पुतण्याचा खरा प्रश्न : ‘आपल्या पिकअपला बसेल काय?’ लेखाच्या शेवटी ‘आपल्याकडेही हा प्रयोग करून बघायला हरकत नाही’ असं आहे. हरकत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इथेही उत्सर्जन चाचणीला मला सुपरचार्जरचे मंजुरीचे कागद गाडीत ठेवावे लागतात. शिवाय त्याची पिकअप डिझेल आहे, तिला टर्बो कारखान्यातूनच आहे. चढावर ओढ नाही आणि काळा धूर मारते म्हणतो, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा आधी बघ, असं त्याला कळवलंय. बघितलं का ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक
(मूळ करवीर तालुका, सध्या डेन्व्हर, कोलोरॅडो)