आरोग्यमंत्री साहेब, आमच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख पाळा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री महोदय, सादर नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळी भरणारा मजूर. काल सरकारी दवाखान्यातून मला पुन्हा घरी धाडलं. रात्रीपासून उपाशी ठेवलं, हिरवा गाऊन घातला, आणि मग कळलं की भूल देणारे डॉक्टर नाहीत. त्याआधीच्या खेपेला, छिद्रातून पोटात घालतात त्या दुर्बिणीचा कॅमेरा बंद होता. वर सल्ला मिळाला, "दुर्बिणीचाच हट्ट कशाला? फाडून करून घ्या."

फाडून एकदा झालंय, साहेब! उजव्या जांघेत आतडं उतरायचं, तिथे आधाराला जाळी बसवली होती. तो हर्निया परत आला, आता डावीकडेही उतरलाय. तिथल्याच एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुढून केलेलं फसलं, तर जुन्या व्रणात पुन्हा हात घालण्यापेक्षा दुर्बिणीतून, पोटाच्या स्नायूंच्या मागच्या बाजूने जाळी लावणं बरं. तीन बारीक छिद्रांतून दोन्ही बाजू एकदमच होतात, दुखणं कमी, माणूस लवकर कामाला लागतो. फक्त पूर्ण भूल लागते.

वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून गाडीपर्यंत जायचं. गाठ खाली आली की बांधावर उताणा पडतो, बोटांनी ती आत ढकलतो, पट्टा आवळतो, पुन्हा घड उचलतो. एखाद्या दिवशी ती आत गेलीच नाही तर आतडं अडकून काळं पडेल. या धास्तीने बायको रात्री झोपत नाही.

दर चार पुरुषांत एकाला कधी ना कधी हे दुखणं होतं म्हणतात. यात हमाल किती, ऊसतोड मजूर किती, मोजलंय कुणी?

महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, असं जाहीर केलंत. माझं कार्ड बघून खासगी दवाखान्याने सांगितलं, "हे यात बसत नाही, पैसे भरा." कुठून भरू?

बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरात दुर्बीण तालुक्यापर्यंत येते, सर्जनही येतो. सरकारला हवं असलं की सगळं जमतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. फिती कापायला पुढारी येतात, पण भुलेच्या डॉक्टराविना ऑपरेशन अडलं की एकजण फिरकत नाही. केळीचा भाव पडला तेव्हाही हेच, पीकविम्यातही हेच. मतं मागायला मात्र आमच्या ओट्यावर बसता. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावचा आदिवासी भाऊ कुणाकडे जाईल?

भुलेच्या डॉक्टरांची पदं भरा. तिन्ही जिल्ह्यांत दुर्बिणीच्या हर्निया ऑपरेशनचा वार ठरवा, जाळी सरकारी खर्चाने द्या. ऑपरेशन रद्द केलं तर कारण आणि पुढची तारीख सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. माझ्या कालच्या कागदावर यातलं काहीच नाही.

आपला,
रावेर तालुक्यातला एक केळी मजूर