भूसुरुंगातील जखमींसाठी गृह आणि दिव्यांग खाती एकत्र केव्हा बसणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केले. तेव्हापासून नक्षलवादी हिंसाचार संपत आल्याच्या बातम्या, विश्लेषणे आणि अग्रलेख सर्वच वृत्तपत्रांतून येत आहेत. त्याचे समाधान आहेच. मात्र या लिखाणात रस्ते, खाणी, मोबाइलचे मनोरे आणि आत्मसमर्पितांचे पुनर्वसन यांची जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही भूसुरुंगाच्या स्फोटात हात, पाय, डोळे किंवा श्रवणशक्ती गमावलेल्या सामान्य नागरिकांची होत नाही. पुरलेली स्फोटके शोधून निकामी करण्याचे काम सुरक्षा दलांकडे आहे आणि ते तसेच असायला हवे. पण आधीच जायबंदी झालेल्या माणसाची पुढच्या तीस-चाळीस वर्षांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आजच्या सरकारी रचनेत एक पूर्ण उत्तर मिळत नाही, चार खात्यांची चार अर्धवट उत्तरे मिळतात. त्याविषयी लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

भूसुरुंग म्हटले की महाराष्ट्राला १ मे २०१९ची जांभुळखेड्याची घटना आठवते. कुरखेडा तालुक्यातील त्या रस्त्यावर ऐन महाराष्ट्र दिनी १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. वाहन उडवण्यासाठी पेरलेला असा मोठा सुरुंग देशभर बातमी होतो. पायवाटेवर पुरलेला, पायाच्या दाबाने फुटणारा लहान ‘प्रेशर बॉम्ब’ मात्र बहुधा आतल्या पानावरच्या चार ओळींत आटोपतो. बस्तरच्या पट्ट्यात अशा बॉम्बनी अनेकांना अधू केले आहे. ते गस्तीवरच्या जवानासाठी पुरलेले असले, तरी त्यावर मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करायला निघालेल्या आदिवासी बाईचा पाय पडतो, गुराख्याचा पडतो, कधी लहान मुलाचाही पडतो.

जखमी माणूस गणवेशातला असेल, तर पुढची वाट निदान आखलेली असते. तातडीचे उपचार, खात्यातील नोकरीची हमी किंवा निवृत्तिवेतन, आणि सैनिकांसाठी १९४४ पासून चालू असलेले पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र अशी ती साखळी आहे. तिच्यातही उणिवा आहेत आणि निमलष्करी दलांतील जवानांच्या तक्रारी रास्त आहेत. तरी आपला माणूस म्हणून त्याची विचारपूस करणारे एक कार्यालय तरी त्याच्यामागे असते. तेंदूपाने तोडणाऱ्या मजुरामागे असे कार्यालय नसते.

त्याच्यासाठी काहीच नाही असे मात्र नव्हे. दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसाचारातील नागरी बळींना साहाय्य देणारी केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना २००८ पासून अस्तित्वात आहे. २०१६ मध्ये सीमेपलीकडून होणारा गोळीबार आणि भारतीय हद्दीतील सुरुंग व आयईडी (हाताने जुळवलेली स्फोटके) स्फोट यांचाही तिच्यात समावेश झाला आणि रक्कम तीन लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आली. मृत्यू झाल्यास कुटुंबाला, किंवा ५० टक्के वा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व आल्यास त्या व्यक्तीला ही रक्कम मिळते. आता त्याच २०१६ सालचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पाहा. सवलती, आरक्षण आणि योजनांचा लाभ ज्यावर अवलंबून आहे, ती दिव्यांगत्वाची किमान मर्यादा या कायद्याने ४० टक्के ठेवली आहे. एकाच सरकारने एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन मोजपट्ट्या लावल्या आणि त्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही.

या फरकाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. दिव्यांगत्व मोजण्याच्या आपल्या निकषांत पाऊल मध्यापर्यंत कापावे लागले तर ४० टक्के धरतात. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा शाबूत राहिला तर ३० टक्के. लहान प्रेशर बॉम्बच्या स्फोटात नेमक्या अशा इजा होऊ शकतात. पहिला जखमी दिव्यांग म्हणून मान्य होतो, पण गृह खात्याच्या पाच लाखांना मुकतो. दुसऱ्याला अन्य इजा नसेल, तर पाच लाखही नाहीत आणि दिव्यांगांच्या बहुतेक सवलतीही नाहीत. दोघांनीही ज्या स्फोटात रक्त सांडले, तो स्फोट गुन्हा म्हणून पोलीस ठाण्यात नोंदलेला असतो, पंचनामा झालेला असतो. तरीही त्या नोंदीतून त्यांच्या पुनर्वसनाची कुठलीही कारवाई आपोआप सुरू होत नाही.

मी कृत्रिम अवयव बनवण्याच्या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पैशाइतकाच महत्त्वाचा असा दुसरा भाग इथे सांगतो. कृत्रिम पाय ही एकदा वाटून संपणारी वस्तू नाही. प्रौढ माणसाचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, शेतात आणि जंगलात राबणाऱ्याचा त्याहूनही लवकर. वाढत्या वयाच्या मुलाला तर सहा महिने ते वर्षभरात नवा पाय लागतो, कारण त्याची उंची वाढते आणि कापलेल्या हाडाचे टोकही वाढत राहते, इतके की काही मुलांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग, सैल झाले की जखम होते, जखम चिघळली की माणूस पाय खुंटीला टांगून पुन्हा कुबड्या घेतो. शिबिरात पाय मिळाल्याचे छायाचित्र काढलेले असते, त्यानंतरच्या या गोष्टीचे नसते. जयपूर फूट अनवाणी चालायला, उकिडवे बसायला, चिखलात उतरायला सोयीचा म्हणून आपल्याकडे आणि अफगाणिस्तान-कंबोडियासारख्या देशांतही रुजला. पण तोही झिजतो. स्फोटाने कानाचा पडदा फाटलेल्याला श्रवणयंत्र लागते, त्याची तपासणी वेगळ्या ठिकाणी. रात्री दचकून उठणाऱ्याला मानसोपचार हवा असतो, आणि तो हवा आहे हेच कोणी त्याला सांगितलेले नसते.

आता ही सारी कामे कोणाकडे आहेत ते पाहू. पाच लाखांचे गृह खाते, प्रमाणपत्राचे जिल्हा शल्यचिकित्सक, संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचे तहसील कार्यालय, कृत्रिम अवयवांची केंद्राची योजना सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि साधने बनवणारा तिचा कारखाना कानपूरला. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पोलिसांच्या नोंदीतला जखमी या विभागापर्यंत पोहोचवणारी वाट त्यामुळे तयार झाली असे नाही. भामरागडच्या पलीकडच्या गावातला, माडिया बोलणारा, एका पायाचा माणूस गडचिरोलीपर्यंत दीडशेहून अधिक किलोमीटर येऊन या खात्यांमध्ये स्वतःच दुवा व्हावा, अशी आजच्या व्यवस्थेची अपेक्षा आहे.

यासाठी नवा कायदा हवा, असे मला वाटत नाही. २०१६च्या अधिनियमाचे कलम ८ सशस्त्र संघर्षाच्या परिस्थितीत दिव्यांगांना समान संरक्षण देते. कलम २४ मधील सामाजिक सुरक्षेच्या तरतुदीत संघर्षग्रस्त भागातील आधाराचा उल्लेख आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संमत केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे कलम ३३ तर शासनात समन्वयाचे केंद्र नेमायलाच सांगते. खरी मेख पुढे आहे. अधिनियमाच्या कलम ६० नुसार केंद्रीय सामाजिक न्यायमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय सल्लागार मंडळ आहे, दर सहा महिन्यांतून किमान एकदा त्याची बैठक व्हायला हवी. शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास, पंचायत राज, रस्ते वाहतूक, अगदी नागरी विमान वाहतूक इतक्या खात्यांचे सचिव त्यावर पदसिद्ध सदस्य आहेत. त्या यादीत गृह नाही आणि संरक्षणही नाही. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीचा प्रश्न मंडळासमोर अधिकृतपणे येऊ शकतो (आणि तो यायलाच हवा), पण ज्या दोन खात्यांच्या कक्षेत स्फोट होतात आणि जखमींची पहिली नोंद होते, ती दोन्ही त्या टेबलावर नाहीत.

कंबोडियाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्या देशात १९७९ पासून भूसुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी मृत किंवा जखमी झालेल्यांची संख्या सुमारे ६५ हजार आहे. एकट्या १९९६ साली ती ४,३२० होती, अलीकडे वर्षाला शंभराच्या आत आली आहे. १९९७ साली भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा ते स्वीकारायला ओस्लोला गेलेले टुन चन्नारेत हे दोन्ही पाय गमावलेले कंबोडियनच होते. त्याच वर्षी त्या देशाने दिव्यांग कृती परिषद स्थापन केली. सुरुंगग्रस्तांसाठी निराळे राज्य न मांडता त्यांच्या गरजा पोलिओग्रस्त, अंध, कर्णबधिर अशा सर्व दिव्यांगांच्या धोरणात गुंफणे आणि सरकारी खाती व स्वयंसेवी संस्था यांना एका टेबलावर आणणे, हे तिचे काम. २००९ मध्ये त्यांनी दिव्यांग हक्कांचा कायदाही केला. दोष तिथेही आहेत. अकरा पुनर्वसन केंद्रे वर्षानुवर्षे परदेशी संस्थांच्या पैशावर चालली आणि ती सरकारकडे सोपवताना निधीची ओढाताण झाली. तरीही कोण कोणाला जबाबदार, हे तिथे कागदावर तरी स्पष्ट होते.

आपला देश काही कंबोडिया नव्हे, आपल्याकडे संख्या तुलनेने कमी, असे कोणी म्हणेल. संख्या कमी असेल तर समन्वय सोपा व्हायला हवा, अवघड नव्हे. शिवाय हा प्रश्न फक्त दंडकारण्याचा नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ या लष्करी जमवाजमवीत पंजाब, राजस्थान आणि जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी जवानांचे आणि शेतकऱ्यांचेही बळी घेतले, पूंछ-राजौरी पट्ट्यात गुरे चारणाऱ्यांना आजही धोका आहे. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७च्या ओटावा कराराबाहेर राहण्याची भारताची सुरक्षाविषयक कारणे असतील, त्या वादात मला इथे शिरायचे नाही. २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनीही त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग धरला. सुरुंग ठेवावेत की नाही यावर मतभेद असू शकतो, पण सुरुंगाने अधू झालेल्या आपल्याच नागरिकाला सांभाळण्यासाठी कुठल्याही कराराची सही लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुरुंगग्रस्तांचे असे काय वेगळे, जन्मतः अपंग असलेल्यांनी काय केले, असा तो आहे. मी तो मान्य करतो. म्हणूनच माझी मागणी वेगळ्या योजनेची नाही. सिकलसेल हा आजार २०१६च्या अधिनियमातील २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे आणि गडचिरोलीच्या आदिवासी समाजात त्याचे प्रमाण किती आहे, हे तिथे काम केलेला कोणीही डॉक्टर सांगेल. भामरागड किंवा एटापल्लीला सुरुंगग्रस्तांसाठी तपासणी पथक गेले, तर त्याच मांडवात सिकलसेलच्या रुग्णाला प्रमाणपत्र आणि कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र मिळायला हवे. सुरुंगग्रस्तांच्या निमित्ताने रस्ता झाला, तर त्यावरून सर्वांनी जावे.

केंद्राने सल्लागार मंडळात गृह आणि संरक्षण सचिवांना स्थान द्यावे आणि त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेपर्यंत त्यांना प्रत्येक बैठकीस निमंत्रित करावे. दिव्यांगजन सशक्तीकरण विभागात या कामासाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा. गृह खात्याच्या योजनेतील ५० टक्क्यांची अट ४० वर आणावी. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राच्या नोंदीत भूसुरुंग किंवा स्फोटक हे कारण स्वतंत्रपणे नमूद व्हावे, म्हणजे देशभरातील संख्या दरवर्षी संसदेत मांडता येईल. आणि अशी नोंद झाली की अवयव बदलण्याची तारीख लाभार्थ्याने नव्हे, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राने लक्षात ठेवावी. राज्याच्या आणि जिल्ह्याच्या समित्यांवर स्फोटातून वाचलेली किमान एक व्यक्ती असावी. कुठले सॉकेट कुठे टोचते, हे तिच्याइतके आम्हा तंत्रज्ञांनाही कळत नाही.

महाराष्ट्राला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. गडचिरोली पोलिसांकडे स्फोटांच्या सर्व गुन्ह्यांची नोंद आहे. त्यांतील नागरी जखमींची यादी दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला देण्यासाठी एक पत्र पुरेसे आहे. यादी मिळाली की माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या आशा सेविकांना सोबत घेऊन प्रमाणपत्र व मोजमाप यांची एकत्र शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी लावता येतील. ती मे महिन्याच्या आत व्हायला हवीत, कारण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

आपला,
एक निवृत्त कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, नागपूर