स्टोइक विचारातील विसरलेला न्याय

महोदय,

स्टोइक तत्त्वज्ञान आज भावना दाबण्याचे तंत्र म्हणून सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये सुरू केलेल्या या परंपरेत न्याय हा चार मुख्य सद्गुणांपैकी एक होता. याच परंपरेतला, गुलामीत वाढलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस मत, इच्छा आणि प्रयत्न आपल्या हाती मानतो. शरीर, मालमत्ता आणि लौकिक मात्र हाताबाहेरचे. नोकरी गेलेल्या माणसाला हा भेद खरोखर आधार देतो (मी ते अनुभवले आहे), पण म्हणून अन्याय निमूटपणे सोसावा असे कोणी सांगू नये, कारण स्टोइक विचार मानणाऱ्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या खासगी टिपणांतही माणसे परस्परांसाठी जन्मली आहेत, हा विचार वारंवार येतो.

– एक वाचक