उस्ताकाका, त्या दिवशीचं थँक्यू राहूनच गेलं

उस्ताकाका, (उस्ता म्हणजे तुर्कीत कसबी कारागीर, म्हणून हे नाव) तुम्हाला मराठी येत नाही, मला तुर्की येत नाही, तरी लिहितेय. तुर्कस्तानातल्या तुमच्या साफ्रानबोलूहून परत येऊन महिना होत आला, पण आई अजून रोज एकदा तरी तुमचा विषय काढतेच.

आमच्या टूरवाल्याने व्हॅनमधून गावाच्या वरच्या भागात, किरानकोयला उतरवलं, म्हणाला गाईड येईल, आणि जो गायब झाला तो झालाच, फोन स्विच ऑफ. पैसे घेताना मात्र दिवसाला चार मेसेज! शेवटी आम्ही मायलेकी चालतच खाली जुन्या बाजारात निघालो, तो दगडी उतार, आईचे गुडघे, आणि निम्म्यात तिच्या कोल्हापुरीचा अंगठाच तुटला. (बूट घाल म्हणून मी घसा कोरडा केला होता, असो.) मोजे घालूनच फरफटत तुमच्या अरास्तापर्यंत, म्हणजे जोडे शिवणाऱ्यांच्या जुन्या गल्लीपर्यंत आली बिचारी. वाटेत एका दुकानात दोन मिनिटं टेकू का विचारलं तर आधी काहीतरी घ्या म्हणाले.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. उठलात, स्वतःच्या बसायच्या स्टुलावरचं मेंढीचं लोकरीचं कातडं ओढलंत आणि गार फरशीवर आईच्या पायाखाली टाकलंत, आणि स्वतः नुसत्या लाकडावर बसलात. दुसऱ्याच्या आसनाला पाय कसा लावायचा म्हणून आईने आधी त्याला हात लावून नमस्कार केला, मग पाय टेकवले. तुम्ही बघतच राहिलात. चप्पल शिवून दिलीत ते मोठं कामच, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं ते या कातड्याने.

मग चहा आला. कोल्हापुरी उलटीपालटी करून तुम्ही वादीची शिवण नखाने चाचपलीत आणि पहिल्यांदा हसलात, कारागिराला कारागीर कळतो तसं. मेण लावलेला दोरा, आरी, बाहेर टांगलेले तुमचे लाल-काळे येमेनी (तुमच्याकडचे पारंपरिक चामडी जोडे), आणि मध्येमध्ये तुमचा भाचा इंग्रजीत गावाची गोष्ट सांगत होता. तेराव्या शतकापासून रेल्वे येईपर्यंत इथे काफिले थांबायचे, त्यांच्यासाठी 1645 ची ती जिंजी हान नावाची दगडी सराई (बांधणारा सुलतानाची भुतं उतरवून श्रीमंत झालेला, म्हणजे बाबालोक सगळीकडेच!), खाली ओढ्याकाठी कातडी कमावायचे, त्यावर तुमची अख्खी गल्ली पोट भरायची. मग 1937 ला शेजारी काराबुकला पोलादाच्या कारखान्याचा पाया पडला आणि पोरं तिकडे पळाली, तुमचे थोरले भाऊपण. तोच कारखाना 1995 ला नुसत्या 1 लिऱ्याला कामगारांना आणि गावकऱ्यांना देऊन टाकला हे ऐकून आईने तीनदा विचारलं, एकच ना? पण नवी वस्ती तिकडे वाढली म्हणून इकडची लाकडी घरं पाडायची कुणाला गरज पडली नाही, 1994 ला युनेस्कोची पाटी लागली आणि आता आमच्यासारखे टुरिस्ट येतात. त्यातले बरेच जण नुसते जोड्यांचे फोटो काढून जातात म्हणालात, ते ऐकून माझा फोन मी गुपचूप पर्समध्ये टाकला.

पैसे विचारायला माझ्या तोंडून चुकून 'हिशेब?' असं मराठीच निघालं आणि तुम्हाला ते चक्क कळलं! 'हेसाप योक' म्हणत हात हलवलात. हिशेब नाही. आमच्या टूरवाल्याने रिफंडबद्दल अजून हेच चालवलंय, फक्त उलट्या अर्थाने.

दिवाळीला तुमच्याकडचं केशर घालून श्रीखंड केलं. शिवलेला अंगठा अजून तसाच घट्ट आहे, आई आता ती चप्पल फक्त लग्नाकार्याला काढते. आणि हो, निघताना तुमच्या खिळ्यांच्या डब्यामागे तिने भाकरवडीचा पुडा ठेवलाय, मला तिने विमानात सांगितलं. तिखट आहे, चहाबरोबर खा.