सोनूस, शाळेत रुजू होण्याआधी

रँस, फ्रान्स
२ जून

चि. सोनूस,
मामा-मामीचा सप्रेम सलाम.

ताईने फोनवर सांगितलं की पंधरा तारखेला तू शाळेत रुजू होतेयस आणि एकच घोर लावून घेतलायस: मला खरंच पाचारण झालंय, म्हणजे देवाने या कामाला बोलावलंय, की नुसती नोकरी लागलीय? पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आजीने वचन वाचून दाखवलं, तरी तुझं समाधान होत नाहीये. आमच्या या गावातल्याच एका माणसापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्यांचं काय झालं ते लिहितो.

जाँ-बातिस्त द ला साल यांचा जन्म इथलाच, १६५१ सालचा. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरवलं. आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत संतांना फारसं विचारत नाहीत, ठाऊक आहे. पण वर्ग कसा चालवावा हे कळलेला एवढा बारीक नजरेचा ख्रिस्ती माणूस शोधून सापडायचा नाही.

गंमत म्हणजे त्यांना शिकवण्याचं पाचारण वगैरे काही जाणवलं नव्हतं. घर श्रीमंत, स्वतः कॅथेड्रलचे कॅनन. म्हणजे मानाची गादी आणि वतनासारखं बांधलेलं उत्पन्न. १६७९ च्या मार्चमध्ये आद्रियाँ निएल नावाचे गृहस्थ गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायला रुआँहून इथे आले. द ला साल यांनी त्यांना थोडी मदत केली, एवढंच. पुढे मास्तर मंडळींच्या राहण्या-जेवणाचे हाल दिसले म्हणून त्यांना आपल्या पंगतीला बसवलं आणि १६८१ च्या जूनमध्ये घरातच राहायला आणलं. नातेवाईक बिथरले. नंतर द ला साल यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की सुरुवातीला या मास्तरांना मी माझ्या घरगड्यापेक्षाही खालचे समजत होतो, आणि या कामाचा शेवट त्यांच्याबरोबर राहण्यात होणार हे आधी कळलं असतं तर मी त्याला हातच लावला नसता. देवाने नकळत एका जबाबदारीतून दुसरीत नेलं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पहिल्या दिवशी अंगावर काटा आला नाही तर घाबरू नकोस.

पुढे मास्तरांनी त्यांना सरळ तोंडावर ऐकवलं: देवावर भरवसा ठेवा म्हणणं तुम्हाला सोपं आहे, शाळा बुडाल्या तर तुम्ही तुमच्या उत्पन्नावर जगाल, आम्ही रस्त्यावर येऊ. बोलणं खरं होतं. द ला साल यांनी १६८३ मध्ये कॅननपद सोडलं आणि नंतरच्या दुष्काळात आपली मालमत्ता भाकरी वाटण्यात घालवली. आमच्या मते शिक्षकाच्या पाचारणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रसंग वाचावा. पगार थकवून 'ही सेवा आहे' असं सांगणारे आपल्याकडेही भेटतात. तेव्हा नेमणुकीचं पत्र, पगाराची तारीख, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं नीट विचारून घे. त्याने सेवेला बट्टा लागत नाही.

या मास्तरांचा त्यांनी धर्मबंधूंचा संघ उभा केला. त्या बंधूंपैकी कोणी पाद्री व्हायचं नाही, असा नियम होता. शिकवणं ही धर्मगुरू होण्याआधीची पायरी नव्हे, तीच पुरी सेवा.

आता वर्गातलं. त्यांच्या शाळांच्या रीतींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये छापलं गेलं. चांगल्या शिक्षकाचे बारा गुण त्यांनी दिलेत: पहिला गांभीर्य, दुसरा मौन, भक्तिभाव पार अकराव्या जागी! मौन कशासाठी, तर मास्तर बोलत राहिला की मुलं ऐकणं सोडतात. म्हणून त्याच्या हातात टक् असा आवाज करणारं एक छोटं साधन असे. वाचणारा चुकला की दोनदा झटकन टक्-टक्, म्हणजे मागे जा, पुन्हा वाच. दोन-तीनदा करूनही जमलं नाही तर एकदा टक्. सगळे थांबत आणि दुसरा मुलगा तो शब्द मोठ्याने वाचून दाखवी. एक वाचताना बाकीच्यांनी आपापल्या पुस्तकात बघायचं. ते खरंच बघतात का, हे मास्तर मध्येच भलत्याला उठवून तपासायचा. तुझ्या वर्गात पेनाची टोपी बाकावर वाजवलीस तरी भागेल, पण खूण एकदा ठरवलीस की वर्षभर तीच ठेव. रोज नवी युक्ती काढली की मुलं शिक्षिकेचीच परीक्षा घेतात.

दर तासाला आणि अर्ध्या तासाला घंटा व्हायची, सगळं काम थांबायचं आणि एक मुलगा म्हणायचा, 'आपण देवाच्या पवित्र सान्निध्यात आहोत याचं स्मरण करू या.' दहा-पंधरा सेकंदांचं काम. तुझ्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतील, तेव्हा हे मोठ्याने म्हणायची गरज नाही. तास बदलताना तू मनात म्हण आणि मगच फळा पुस.

धर्मशिक्षणाचा रोजचा अर्धा तास असे. त्यात प्रवचन करायचं नाही, प्रश्न विचारायचे, तेही आखूड. उत्तर लांब असेल तर प्रश्नाचे तुकडे करायचे. मूल्यशिक्षणाच्या तासाला हे नक्की वापर. नवे शिक्षक तिथेच घसरतात: वीस मिनिटं बोलतात आणि मुलांनी मान हलवली म्हणजे समजलं, असं धरून चालतात.

त्या काळी वाचन लॅटिनपासून सुरू करायची पद्धत होती. द ला साल यांनी आधी फ्रेंच घेतलं. कारण रोकडं होतं: गरिबांची मुलं कामाला जुंपायची म्हणून लवकर शाळा सोडतात, अर्धवट लॅटिन घेऊन गेली तर हाती काहीच लागत नाही. आपल्या नगरला हे नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या; इतकी वर्षं मुलींना मराठीतून शिकवत राहिल्या. तुझी शाळा सेमी-इंग्लिश आहे. गणितातली कल्पना आधी मराठीत पक्की कर, इंग्रजी शब्द मागून दे.

शिक्षेबद्दल ते पुस्तक त्या काळाचंच आहे, त्यात चामडी पट्टी आहे, छडीही आहे. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हात उगारायलाच बंदी आहे, तेव्हा तो भाग सोडून दे. एक अट मात्र ठेवण्याजोगी: राग चढलेला असताना शिक्षा करायची नाही, आधी स्वतः शांत व्हायचं.

सगळ्यात उपयोगी प्रकरण गैरहजेरीचं. मूल येत नाही याची कारणं तिथे तीन बाजूंनी शोधलीत: मुलाची, पालकांची आणि शिक्षकाची. शिक्षकाची म्हणजे मास्तर सारखे बदलतात, नवखा मास्तर आल्या आल्या शिक्षा करत सुटतो, किंवा उलट इतका ढिला असतो की वर्गाला शिस्तच नाही. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करायचं काम मुलांपैकीच काहींकडे, आपापल्या गल्लीप्रमाणे वाटलेलं असे. सकाळची न्याहारी वर्गात व्हायची. उरलेली भाकरी एका टोपलीत ठेवायची, ती ज्यांच्याकडे नाही त्यांना मिळायची. सक्ती नाही, आणि देणाऱ्याला स्वतःला पुरतंय ना, हे मास्तरने बघायचं. या शेवटच्या अटीवरून कळतं की लिहिणाऱ्याने वर्गात दिवस काढलेत.

शिवाय प्रत्येक मुलाची नोंद असायची: वय, कधी आला, कोणता धडा, स्वभाव कसा, रागावल्याने सुधारतो की बिघडतो, घरचे काय म्हणतात. तू शंभर पानी वही घे, एका मुलाला एक पान. पहिल्या पंधरवड्यात नाव, घरी कोण, किती लांबून येतो, डबा आणतो का, एवढंच लिही. 'हुशार', 'मठ्ठ' हे शब्द वहीत येऊ देऊ नकोस, ते एकदा लिहिले की पुढे काही दिसत नाही.

शिक्षकांसाठी लिहिलेल्या मननांमध्ये त्यांनी उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायातली याकोबाची शिडी घेतलीय. देवदूत चढतात आणि उतरतात, तसं शिक्षकाने मुलांच्या गरजा घेऊन देवाकडे वर जायचं आणि परत खाली वर्गात यायचं. रात्री प्रार्थनेला बसशील तेव्हा ती वही जवळ ठेव आणि रोज पाच पानं घे. पन्नास मुलं असतील तर दहा दिवसांत पहिल्या पानावर परत येशील. एखाद्या पानापाशी काहीच मागावंसं वाटलं नाही, तर त्या मुलाला आपण अजून ओळखत नाही असं समज आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकापाशी जरा जास्त थांब.

आजीला आणि ताईला सलाम. जुलैत फोन करशील तेव्हा कोणती पानं कोरी राहिलीत ते सांग.

ख्रिस्तात तुझे,
मामा-मामी